रातोबा भाई आणि वहिनीची पायरी

शेंदूरजनाघाटच्या नत्थुजींना देवानं दोन गोष्टी मापापेक्षा लांब दिल्या होत्या. एक सुळे दात आणि दुसरा रुसवा.

दात असे, की माणूस नुसता हसला तरी समोरच्यानं एक पाऊल मागे घ्यावं. शाळेत पोरांनी त्यावरून फार छळलं, म्हणून मिसरूड फुटल्याबरोबर नत्थुजींनी मिशीची अशी काही जोपासना केली की ते दोन्ही सुळे तिच्याआड कायमचे दडून बसले. तरी हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचाच. कौशल्याबाईंनी नवऱ्याचे दात पहिल्यांदा नीट पाहिले ते तो उसाचं कांडं सोलत असताना, आणि "अवं माय!" म्हणून त्या हातातलं सूप टाकून उठल्या होत्या.

बाकी माणूस म्हणजे निव्वळ गाय. संत्र्याच्या कलमांची त्यांची नर्सरी होती. जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची, पाणी द्यायचं, यात सगळं आयुष्य गेलं. हातात सदा धारदार चाकू, आणि रक्ताची भीती एवढी, की बोटाला जरा खरचटलं तरी नत्थुजी मटकन खाली बसत आणि आभाळाकडे पाहत कौशल्याबाईंच्या नावानं हाका मारत. असल्या माणसाला पुढे रक्त पिणाऱ्या डॉनचं काम करावं लागलं. दोष कोणाला द्यायचा? दातांनाच.

आता रुसव्याचं ऐका. नत्थुजींचं घर आणि त्यांच्या थोरल्या वहिनीचं, पार्बताबाईंचं घर एकाच अंगणात, समोरासमोर. थोरले भाऊ खुशालराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. पार्बताबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा नत्थुजी चौथीत होते. सासू अंथरुणाला खिळलेली. तेव्हा या दिराला न्हाऊ घालण्यापासून पाढे म्हणवून घेण्यापर्यंत सगळं वहिनीनंच केलं. ती त्यांना 'बाबू' म्हणायची. मिशी आली, मग ती पिकली, तरी बाबूच. असं सगळं गोडीत चाललेलं असताना लॉकडाऊन आला, आणि त्यातच वहिनीच्या मुलाचं, नितेशचं लग्न निघालं. माणसं मोजकी, घरोघर फिरायला बंदी. मग नितेशनं सगळ्यांना मोबाइलवर पत्रिका धाडली. सगळ्यांना म्हणजे अंगणापलीकडच्या सख्ख्या काकालासुद्धा!

नत्थुजींनी ती पत्रिका दोनदा वाचली. मग जे उसळले!

"सख्ख्या काकाले मोबाइलवर पत्रिका? ना अक्षत, ना कुकू! एवढंसं अंगण चालत आले असते तर काय पायाले फोड येत होते?"

लग्न त्याच अंगणात लागलं. नत्थुजी नवा सदरा घालून, डोक्याला टोपी लावून, आपल्याच ओट्यावर उभे राहिले. मंगलाष्टकं झाली तेव्हा तिथूनच अक्षताही फेकल्या, डोळे पुसले, आणि जाहीर करून टाकलं, "वहिनी सोता 'ये' म्हणन तवाच मी त्या घराची पायरी चढीन."

आणि वहिनी म्हणजे कोण? जिच्या दारावरून चहा न पिता पुढे जाणं मुश्कील, अशी बाई! मीटर पाहायला येणारा, बोहारीण, पत्ता चुकून आलेला कुरिअरवाला, मतं मागायला आलेले एकूण एक पक्ष, सगळ्यांना एकच, "या जी, बसा, चहा घ्या." पण दिराचं नाव काढलं की बाई पदर खोचून उभी राहायची.

"घरच्या माणसाले बोलवाचं असते काय? बोलावतेत परक्याले. मी त्याले 'ये' म्हटलं म्हणजे तो परका झाला ना! मी नाई म्हणत, जा."

घ्या आता. दोघांचंही म्हणणं बरोबर, म्हणून तर भांडण मिटेना. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी मध्यस्थी करून पाहिली, पण ती माणसं अर्धी इकडून आणि अर्धी तिकडून बोलायला लागली. चार वर्षं अशीच गेली. दोन्ही जावांचं मात्र उत्तम जमे. वहिनीच्या घरचं भरीत, रोडगे, आंब्याचा रस, सगळं अंगण ओलांडून कौशल्याबाईंच्या हातानं यायचं आणि नत्थुजी ते मिटक्या मारत खायचे. रुसवा पायरीशी होता, जेवणाशी नव्हता. फक्त चहा मिळत नसे. वहिनीच्या परसात गवती चहाचं जुनं बेट होतं. त्याची पात टाकलेला तो उकळता चहा चुलीपाशी बसून प्यायचा असतो, तो अंगण ओलांडून कसा येणार? सकाळी समोरून त्याचा वास आला की नत्थुजी नाक वर करून उभे राहत आणि कोणी पाहिलं तर म्हणत, "हवा पाहून राहिलो."

यंदा मात्र गोष्ट निकरावर आली. नितेश अकोल्याला नोकरीला, सून नोकरीला, त्यात नातू झालेला. चैत्र सरला की पार्बताबाईंनी कायमचं अकोल्याला राहायला जायचं ठरलं. घराला कुलूप लागणार.

त्या दिवशी नत्थुजींनी नर्सरीत तीन रोपांचे डोळे उलटे बसवले. घरी येऊन म्हणाले, "कुलूप लागल्यावर मंग मले 'ये' म्हणाले कोण उरन?"

"तर जा ना आत्ताच," कौशल्याबाई म्हणाल्या. "दार उघडंच आहे."

"बोलावलं कोणी?"

कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या भाकरी थापायला निघून गेल्या.

अशात वहिनीची धाकटी मुलगी, रागिणी, अमरावतीहून आली. ही पोरगी अमरावतीत लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी-जोडाजोडी करायची, आणि डोक्यात कायम सिनेमा. काकांवर तिचा भारी जीव. रुसव्याचा नियम तिला लागू नव्हता. ती थेट नत्थुजींच्या ओट्यावर येऊन मांडी घालून बसली.

"काका, मले तुमचे दात पायजेत."

"उपटून नेतं काय, पोरी?"

"तोंडासकट पायजेत. फिलम करून राहिली मी."

अकोल्यात छोट्या सिनेमांचा महोत्सव होता. घाबरवणारे आणि हसवणारे, दोन्ही एकात असलेले सिनेमे त्यांना हवे होते. रागिणीनं कथा लिहिली होती. सिनेमाचं नाव 'रातोबा भाई'. रातोबा हा कित्येक पिढ्यांपासून न मेलेला रक्तपित्या, आणि धंद्यानं डॉन. वरूड-मोर्शीकडचा सगळा संत्र्याचा व्यापार त्याच्या मुठीत. बागवाल्यांकडून खंडणी घेतो ती रक्ताची, बाटलीनं मोजून. त्याच्यावर उठलेली अकोल्याची कापूसवाली टोळी. तिचा म्होरक्या सरकीदादा.

"बजारातले प्लास्टिकचे सुळे लावून पाहिले," रागिणी म्हणाली. "ते लावले का डॉन बोबडा बोलते. तुमचे तर घरचेच आहेत."

दातांच्या गोष्टीनं नत्थुजी जरा दुखावले होते, पण 'डॉन' हा शब्द कानावर पडला आणि त्यांचे डोळे लकाकले. कारण ही गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नव्हती. तरुणपणी वरूडला तंबूत व्हिडिओ लागायचा, तेव्हा नत्थुजी सायकल मारत जात आणि गुंडांचे सिनेमे पाहून येत. पांढरा सूट, पांढरे बूट, मागे कधीच खाली न बसणारी माणसं. असा रुबाब! आजही नर्सरीत आसपास कोणी नसलं की ते रोपांच्या रांगेसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि दबक्या आवाजात म्हणत, "अय, तू! सरळ उभा राय. भाईसमोर वाकडा होतं?" रोपं बिचारी ऐकून घ्यायची.

रागिणीनं कथा वाचून दाखवली. त्यात रातोबाचे नियम होते. उन्हात जायचं नाही. लसणापासून लांब राहायचं. आणि तिसरा, घरातल्या माणसानं 'आत ये' म्हटल्याशिवाय रातोबा कोणाच्याही घरात पाय ठेवू शकत नाही.

नत्थुजी ताठ होऊन बसले. "पुन्हा वाच."

रागिणीनं पुन्हा वाचलं.

"हा नियम कोणाचा?"

"रक्तपित्याच्या गोष्टींत असतेच काका. बाहेरदेशातूनच आला तो."

"मानी माणूस दिसते," नत्थुजी गंभीरपणे म्हणाले. "लोक त्याले राक्षस कावून म्हणतेत काय माहीत. मी करतो याचं काम."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी न्हाव्याकडे जाऊन डोळे घट्ट मिटले आणि मिशी उतरवली. चाळीस वर्षांची मिशी! दुकानातून बाहेर आले तर ओळखीचं कुत्रं भुंकायला लागलं. एका बाईनं कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग ज्या हसायला लागल्या त्या ओट्यावर बसून हसल्या. शेवटी म्हणाल्या, "तरुण दिसून राहिले बरं!" नत्थुजी लाजले. लाजताना सुळे आणखी बाहेर आले.

मग सुरू झालं शूटिंग, आणि गाव आपली कामं विसरलं. कॅमेरा गजेंद्रचा. हा अकोल्याचा रागिणीचा मित्र, गुबगुबीत मानेचा. माणसं कमी म्हणून सरकीदादाही तोच. सगळं चित्रण दुपारी, कारण गजेंद्रच्या कॅमेऱ्याला रात्रीचं दिसत नसे. "रात्र मी कम्प्युटरवर करते," रागिणी म्हणायची. इकडे चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, आणि उन्हाला घाबरणारा रातोबा भाई काळी घोंगडी पांघरून, तोंडाला पांढरी पावडर थापून, बागेतून चालत होता. घामानं पावडरीचे ओघळ व्हायचे. बांधावर बसलेले नत्थुजींचे दोस्त विचारायचे, "काहो नत्थुजी, रातचा राक्षस दुपारी कावून फिरून राहिला?" नत्थुजी डॉनच्या आवाजात म्हणायचे, "ओव्हरटाइम."

लसणाचा नियम तर पहिल्याच दिवशी निकालात निघाला. कौशल्याबाई सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आल्या. रातोबानं त्यातली निम्मी चटणी एकट्यानं संपवली आणि पुढच्या दृश्यात तो सरकीदादाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन धमकी द्यायला लागला, तेव्हा सरकीदादालाच भोवळ यायची वेळ आली. रागिणीनं वहीतला तो नियम खोडला. वऱ्हाडात लसणाला भिणारा माणूस कोणी खरा मानणार नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरंच आहे.

रक्ताचं प्रकरण त्याहून भारी. आधी गुलाबाचं सरबत वापरलं, तर सरकीदादाच्या मानेवर मुंग्यांची रांग लागली. मग गजेंद्रच्याच डोक्यातून निघालं, की पोह्यावरच्या तर्रीचा, त्या झणझणीत रश्श्याचा, रंग कॅमेऱ्यात झकास येईल. चौकातल्या गाडीवरून किटलीभर तर्री आली. लाल, तेलकट, चमकणारी. गजेंद्रनं त्याच सकाळी मान घोटून दाढी केलेली. रागिणीनं कॅमेरा धरला. रातोबा भाईनं झेप घेतली, सुळे मानेला टेकवले, आणि तर्री ओघळली.

सरकीदादानं जी आरोळी ठोकली, बाप्पा! बागेतले पोपट उडाले. "पाणी! अरे पाणी! मेलो!" असली खरी किंकाळी कोणाला शिकवून येणार नाही. पण रातोबाचं लक्ष कुठे होतं? त्यानं डोळे उघडले तर समोर पांढऱ्या मानेवरून लालभडक धार वाहते आहे. नत्थुजींनी आभाळाकडे पाहिलं, "कौशल्ये..." एवढं म्हटलं, आणि रक्त पिणारा डॉन आपल्याच शिकारीच्या अंगावर बेशुद्ध पडला. खाली सरकीदादा आग आग करतोय, वर डॉन गार. कांदा फोडून नाकाशी धरला तेव्हा भाई शुद्धीवर आले. रागिणी हसून हसून रडत होती. तिनं हे सगळं तसंच सिनेमात ठेवलं.

उरला शेवटचा प्रसंग. रातोबाचे सगळे शत्रू संपलेत. एका म्हातारीच्या घरात त्याला लपायचं आहे, कारण सूर्य उगवायला आलाय. तो दारात उभा राहून गयावया करतो, "एकदा ये म्हण." म्हातारी म्हणते, "नाई." ऊन पडतं, आणि रातोबाची राख होते. म्हातारीचं काम अमरावतीच्या साधना मॅडम करणार होत्या. नेमक्या त्या दिवशी त्यांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी पार्बताबाई अकोल्याला निघणार, नितेश गाडी घेऊन येणार, म्हणजे सिनेमा आज संपायलाच हवा. रागिणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला दुसरी म्हातारी कुठून मिळणार? ती घरात गेली आणि आईसमोर हात जोडून उभी राहिली. मग तशीच अंगण ओलांडून काकांकडे आली.

"काका, शेवटचा सीन आमच्या दारात आहे. म्हातारी आई आहे."

नत्थुजी घोंगडी हातात धरून उभेच राहिले. चार वर्षांत त्या दारासमोर ते एकदाही उभे राहिले नव्हते.

"मी त्या घराची पायरी चढत नाई, तुले माहीत आहे."

"चढायचं कुठी आहे काका? पायरीखालीच उभं राहाचं आहे. ती नाई म्हणन आन् तुमी राख व्हान."

नत्थुजींनी मनात हिशेब केला. उभं राहण्यानं शपथ मोडत नव्हती. शिवाय रागिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी घोंगडी पांघरली.

अंगणात सगळं गाव जमलेलं. पार्बताबाई दारात उभ्या. नत्थुजी पायरीखाली. रागिणी म्हणाली, "चला, करा," आणि रातोबा भाई पांढरं तोंड, काळी घोंगडी, लांब सुळे घेऊन मान खाली घालून पुढे आला.

पार्बताबाईंच्या तोंडून सवयीनं निघूनच गेलं, "या जी, बसा, चहा घ्या."

एकच हशा! पोरीनं कपाळ बडवून घेतलं. "आई, तू त्याले बोलावलं! नाई म्हणाचं आहे!"

"दारात आलेल्या माणसाले नाई म्हणू? आन् मले काय माहीत, तोंडाले एवढं चोपडलं आहे. मले वाटलं कोणी पाव्हणा आहे."

बांधावरचे दोस्त ओरडले, "नत्थुजी, बोलावलं हो! चढा पायरी!"

नत्थुजींनी हात वर केला. न्यायाधीशासारखे म्हणाले, "हे बोलावणं रातोबाले आहे. नत्थूले नाई."

पुन्हा केलं. या वेळी पार्बताबाई तयारीत होत्या. रातोबानं विनवणी सुरू केली. लिहिलेलं वाक्य साधं होतं, पण म्हणता म्हणता नत्थुजींचा आवाज हलला. "बाई, एकदा ये म्हण. लय उभा राहिलो बाहेर. एकदाच ये म्हण."

हे रातोबाचं बोलणं आहे का दुसऱ्या कोणाचं, ते सगळ्यांना कळत होतं. पार्बताबाईंनी 'नाई' म्हणायचं होतं. त्यांनी ओठ हलवले आणि म्हणाल्या, "उभं कोणी ठेवलं तुले? सोताच उभा राहिला! समोर उभा राहून चहाचा वास घेतं आन् हवा पाहून राहिलो म्हणतं!"

"बोलावलं काय तू? मोबाइलवर पत्रिका धाडली!"

"पोट्ट्यानं धाडली! तू घरचा, तुले कायची पत्रिका? पत्रिका तुह्या हातानं वाटाची होती, लॉकडाऊन नसता तर!"

रागिणीनं 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं. गजेंद्रनं कॅमेऱ्यामागून तिचा हात दाबला.

"एक शब्द म्हणाले काय जात होतं तुहं?" नत्थुजी ओरडले. "उद्या जाऊन राहिली तू! मंग मी कोणाच्या दारात रुसू?"

पार्बताबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पुन्हा कमरेला खोचला. मग एक एक बोट मोजत, लेकराला पाढे शिकवावेत तशा त्या बोलल्या.

"आयक. तू रातोबा असशीन तर परका आहेस. परक्याले मी बोलावतेच. बोलावलं, साऱ्या गावानं आयकलं. आन् नत्थू असशीन तर हे घर तुहं आहे, तुले बोलावणं लागतच नाई. आता मले सांग, हा बाहेर उभा राहणारा तिसरा कोण आहे?"

नत्थुजींनी घोंगडीत डोकं खाजवलं. डावीकडून विचार केला, उजवीकडून विचार केला. बाहेर उभं राहायला कुठेच जागा नव्हती! त्यांनी मदतीसाठी रागिणीकडे पाहिलं.

"काका," ती रडत-हसत म्हणाली, "याचं उत्तर कथेत नाई."

नत्थुजींनी घोंगडी काढून खाली ठेवली. चपला काढल्या. आणि डावा का उजवा असा जरासा घोळ घालून पायरी चढले.

"पाय झटक आधी," वहिनी म्हणाली. "आत्ताच सारवलं मी."

आत सगळं तसंच होतं. चुलीपाशी बसायचा पाट तसाच. पार्बताबाईंनी आधण ठेवलं, परसातून गवती चहाची पात तोडून आणली, आणि चहा उकळेस्तोवर दिराचं तोंड पदरानं खसाखसा पुसलं. "चार वर्षांनी तोंड दाखवाले आला, तेबी पावडर लावून," असं म्हणत त्यांनी आणखी जोरात पुसलं. नत्थुजी लहान पोरासारखे हुंदके देत होते आणि मधूनच हसत होते. चहा पिताना सुळे कपाला लागून टिकटिक वाजत होते. गजेंद्र कॅमेरा घेऊन दारातच उभा होता. त्याला कोणी तरी 'ये' म्हणेल म्हणून तो वाट पाहत होता. त्यालाही चहा मिळाला.

"वहिनी," नत्थुजींनी बशी खाली ठेवत विचारलं, "पण मी आत आलो तो कोण म्हणून आलो? रातोबा का नत्थू?"

"पी मुकाट्यानं. थंडा होते."

म्हणजे एवढं सगळं होऊन त्यांच्या कानाला 'ये' काही लाभला नव्हताच. पण त्या दिवशी त्यांनी ते ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी नितेशची गाडी आली. त्यानं काकाचे पाय धरले, काकानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि पत्रिकेचा विषय तिथे मिटला. सामान चढलं. पार्बताबाईंनी घराला कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधायला घेतली, आणि तशीच उचलून नत्थुजींच्या हातात ठेवली.

"आता आत बोलवाले कोणी नाई," त्या म्हणाल्या. "घरचा आहेस का परका, ते तूच पाय."

गाडी गेली. नत्थुजी किल्ली धरून अंगणात उभे राहिले. त्यांना फार रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. कुलूप उघडलं, कोणी काही म्हणालं नाही, तरी आत गेले, घरातून परसात जाऊन गवती चहाला पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी गेले. मग रोजच जाऊ लागले. कौशल्याबाईंनी चिडवलं, "काहो, आज कोणी बोलावलं?" तर म्हणाले, "माहं घर आहे."

उन्हाळा सरता सरता रागिणीचा फोन आला. 'रातोबा भाई' अकोल्याच्या महोत्सवात निवडला गेला होता. शेवट तिनं बदललेला. सूर्य उगवतो, रातोबाची टोळी बाहेर गल्लीत ताटकळते, आणि रातोबा आत चुलीपाशी बसून चहा पितो. "काका, निवडणारे म्हणतेत, असा रक्तपित्या त्यायनं कधी पाहिला नाई. तुमी दोघंही या."

नत्थुजी आणि कौशल्याबाई एसटीनं अकोल्याला गेले. नत्थुजींच्या मांडीवर एक पिशवी होती, आणि तिच्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेला गवती चहाच्या बेटाचा गड्डा. वहिनीच्या गॅलरीत कुंडीत लावून द्यायचा होता. मिशी त्यांनी परत वाढवली नव्हती.

नितेश राहायचा ती इमारत चांगली उंच. फाटकाशी पहारेकरी बसलेला. त्यानं हात आडवा केला.

"कोणाकडे? वरून हो म्हटल्याशिवाय आत सोडता येत नाई जी. नियम आहे."

चार वर्षांपूर्वीचा नत्थुजी असता तर पिशवीसकट त्याच पावली बसस्टँडवर गेला असता आणि पुढची दहा वर्षं अकोल्याचं नाव काढलं नसतं. कौशल्याबाईंनी घाबरत नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजी हसत होते. तोंडावर हात न धरता, दोन्ही सुळे उन्हात चमकवत, खो-खो हसत होते.

"बरोबर आहे तुमचा नियम," ते म्हणाले. "लय जुना नियम आहे हा."

पहारेकरी खुर्चीसकट थोडा मागे सरकला. त्यानं फोन उचलला. "नाव काय सांगू?"

नत्थुजींनी एक क्षण विचार केला. मग कमरेवर हात ठेवला आणि डॉनच्या आवाजात म्हणाले, "सांगा, रातोबा भाई आला."

पहारेकऱ्यानं वर सांगितलं. पलीकडून काही तरी बोलणं झालं. त्यानं फोन ठेवला आणि जरा गोंधळून म्हणाला, "त्या मावशी म्हणून राहिल्या, 'ये रे बाबू, चहा टाकला.'"

नत्थुजींचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"काय म्हणाल्या?"

"ये रे बाबू, चहा टाकला."

"आणखी एक डाव सांगता काय, भाऊ?"

पहारेकऱ्यानं पुन्हा सांगितलं. नत्थुजी तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात कौशल्याबाईंनी त्यांना मागून ढकललं आणि ते फाटकातून आत गेले.